व्हालेच्या वाइनला चव कोण देतं? माती, पाट की माणसं?

रोनकाठची (धागाकर्ती)

इथे वाइनवर धागे निघतात ते बहुतेक बोर्दो, तोस्काना नाहीतर नाशिकचे. आल्प्सच्या ऐन पोटातही शेकडो वर्षं द्राक्षं पिकतात आणि त्यांची वाइन कशासारखीच नसते, यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा.

मी राहते सिओंजवळ, स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात. नकाशा उघडून बघा: रोन नदी हिमनदीतून निघते आणि मार्तिन्यी गावापर्यंत साधारण नैऋत्येला वाहत जाते. तिथे काटकोनात वळून उत्तरेला जिनिव्हाच्या सरोवराकडे निघते. सगळी मेख या वळणाआधीच्या पट्ट्यात आहे. नदी आडवी वाहते, त्यामुळे तिचा उजवा काठ अख्खा दक्षिणेकडे तोंड करून उभा, दिवसभर उन्हात. उत्तरेला बर्नचे आल्प्स, दक्षिणेला चार हजार मीटरची शिखरं. ढग दोन्हीकडून अडतात आणि बरंचसं पाणी पलीकडेच टाकून येतात. सिओंला वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास. स्वित्झर्लंड म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी हिरवी कुरणं या उतारांवर नाहीत. उन्हाळ्यात गवत वाळून पिवळं पडतं आणि सिओंच्या किल्ल्याच्या टेकडीवर चक्क निवडुंग वाढतो. त्यात फ्योन नावाचा गरम, कोरडा वारा डोंगर उतरून येतो. तो शरद ऋतूत आला की राहिलेली द्राक्षंही पिकतात आणि बुरशी धरत नाही. देशातल्या एकूण द्राक्षबागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या एका प्रांतात आहेत, ४,७०० हेक्टरच्या घरात.

पण ऊन आणि वारा फुकट मिळतो. पाणी आणि सपाट जमीन मिळत नाही. ती दोन्ही इथल्या माणसांनी हाताने केली.

पाण्यासाठी इथे ‘बिस’ आहेत. हिमनद्यांच्या ओढ्यांतून पाणी उचलून डोंगराच्या कडेकडेने, अगदी हलक्या उताराने मैलोन्‌मैल आणणारे पाट. बरेचसे १५ व्या शतकातले. जिथे नुसता कडा आहे तिथे खडकाला भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर लाकडी पन्हळी टांगल्या. खाली दरी. या कामावर माणसं मेली आहेत. पाटाची मालकी भागीदारांच्या मंडळाची, प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली, आणि कुणाचा हक्क किती हे लाकडी दांड्यांवर खाचा पाडून नोंदलेलं. आयाँ गावातल्या बिसच्या संग्रहालयात त्या दांड्या बघायला मिळतात. प्रत्येक घराची खूण वेगळी. बोट फिरवलं तर खाच अजून कळते असं वाटतं, पण त्या काचेमागे आहेत.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. पाटावर राखणदाराच्या खोपटापाशी छोटं पाणचक्र बसवायचे, त्याला लाकडी हातोडा. चक्र फिरलं की हातोडा फळीवर आदळणार, टक, टक, टक, रात्रभर. राखणदार त्या आवाजात झोपायचा आणि आवाज थांबला की जागा व्हायचा. म्हणजे वर कुठेतरी दरड आली किंवा पन्हळ निखळली. मग कंदील घेऊन निघायचं.

जमिनीसाठी ताली, म्हणजे उतारावर माती अडवणाऱ्या भिंती. चुना-सिमेंट काही न वापरता, दगडावर दगड बसवून उभ्या केलेल्या. सिओंवरच्या क्लाव्होच्या उतारावर त्या एकावर एक इतक्या चढत जातात की खालून बघताना मान दुखते. दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो. पाणी फटींतून निघून जातं. हीच ताल सिमेंटची केली तर मागे पाणी तुंबून कोसळू शकते.

माझं ठाम मत असं की इथल्या वाइनच्या चवीचं श्रेय एकट्या मातीला देणं हा या माणसांवर अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

खाबूगिरीकर

मस्त धागा. वाइनची नावं सांगा की! आणि सोबत काय खातात?

रोनकाठची

सगळ्यात घरगुती म्हणजे फाँदाँ, शास्ला द्राक्षाची हलकी पांढरी वाइन. राक्लेतबरोबर, म्हणजे वितळवलेल्या चीजबरोबर, हीच. लाल म्हटली की दोल, मुख्यतः पिनो न्वार आणि गामे. माझी आवडती पतीत आर्वीन: तोंडात ग्रेपफ्रूटसारखी आंबट-कडवट झाक आणि शेवटी जिभेवर स्पष्ट खारट चव. फुई गावात ऑक्टोबरात भाजलेल्या चेस्टनटबरोबर चीज, लोणी, सफरचंद आणि अर्धवट आंबलेला ताजा द्राक्षरस देतात. त्या दिवसांत गावभर चेस्टनटचा धूर असतो.

निफाडचा बागायतदार

ताई, पिढीजात द्राक्षवाला आहे म्हणून विचारतो. पाऊस आमच्याकडेही साधारण तेवढाच, पण सगळा चार महिन्यांत. आम्ही एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात गोडी छाटणी. वेलीला झोप अशी नाहीच, आम्हीच तिला छाटून जागी करतो. तिकडे छाटणी एकच का? कलमाखाली खुंट वापरतात का? भुरी, केवडा येतो का? आणि मुख्य प्रश्न, एवढं पाणी दिल्यावर रस पातळ होत नाही? आम्ही वाइनच्या बागेला तोडणीआधी पाणी तोडतो.

रोनकाठची

दादा, प्रश्न एकदम मुद्द्याचे. छाटणी एकच, हिवाळ्याच्या शेवटी. वेल थंडीत पूर्ण झोपलेली असते, मार्चच्या सुमारास काप दिला की कापलेल्या काडीच्या टोकाला पाणी सुटतं. खुंट अमेरिकन, कारण फायलोक्सेरा कीड इथेही आली आणि बागा पुन्हा कलमांवर लावाव्या लागल्या. रोगांत भुरी आणि केवडा दोन्ही, पण फ्योनमुळे बाकी युरोपाच्या मानाने कमी.

वेल चढवायचा मांडव किंवा वाय आकाराचा सांगाडा इथे दिसणार नाही. जुन्या बागांत प्रत्येक वेल स्वतंत्र, बुटकी, स्वतःच्या खांबाला बांधलेली. ट्रॅक्टर जाण्याचा प्रश्नच नाही. फवारणी कित्येक ठिकाणी हेलिकॉप्टरने होते, आणि घडांचे क्रेट पाठीवर नाहीतर एका रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून खाली येतात.

पाण्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पाणी देतात ते वेल जगवण्याइतकंच, आणि पिकू लागल्यावर हात आखडता घेतात. उतारावर मातीचा थर पातळ, खाली खडक किंवा मुरूम. पाणी अजिबात दिलं नाही तर कोरड्या वर्षात पानं गळून द्राक्ष पिकायचं थांबतं.

मृदगंध

मृदाशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. खारट चव आली की लोक लगेच ‘खडकातली खनिजं उतरली’ म्हणतात. तसं होत नाही. वेलीची मुळं खडक चाखत नाहीत. ती पाण्यात विरघळलेले आयन घेतात, तेही अत्यल्प, आणि वाइनमधलं त्यांचं प्रमाण बहुधा जिभेला कळण्याइतकं नसतं. मातीचं काम वेगळ्याच वाटेने चालतं: पाणी किती धरून ठेवते, किती लवकर तापते, मुळं किती खोल जातात, नत्र किती मिळतं. त्यावर वेलीची वाढ ठरते, मणी केवढा होतो ते ठरतं, आम्ल किती टिकतं ते ठरतं.

म्हणून धागाकर्तीशी अर्धी सहमत. ताल आणि पाट हे मातीचेच गुणधर्म बदलतात: खोली, निचरा, ओल, उष्णता. त्या अर्थाने माणसाने माती घडवली हे शास्त्राला धरून आहे. पण मातीला वजा करू नका. फुईचा उतार ग्नाइस या कठीण खडकाचा आहे, सिओं-सिएरकडे चुनखडी, शामोझों गाव तर डोंगरावरून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या प्रचंड पंख्यावर वसलंय. तीस-चाळीस किलोमीटरमध्ये इतकी विविधता म्हणजे आमच्या विषयाच्या माणसाला मेजवानी.

रोनकाठची

हे वाचून फार बरं वाटलं. आणि तुमच्या मुद्द्याला इथलाच पुरावा: पतीत आर्वीन ग्नाइसवर लावा नाहीतर चुनखडीवर, ती शेवटची खारट झाक असतेच. म्हणजे ती जातीची चव. जागेमुळे बदलतं ते वाइनचं अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा. फुईची ताठ आणि टोकदार असते, चुनखडीवरची जरा गोलसर. हे माझ्या जिभेचं मत, प्रयोगशाळेचं नाही.

पांझराकाठ

बिसबद्दल वाचताना सारखी आमची फड पद्धत आठवत होती. साक्री-धुळ्याकडे पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत, त्यांतून कालवा, कालव्यातून फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, पाणी. एका फडात एकच पीक, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, वर हवालदार. पैसे नव्हे, धान्याच्या रूपात मोबदला. सरकारी खात्याचा संबंध नाही. काही शतकं चाललं. मग वर धरणं झाली, विहिरी-बोअर झाले, आणि ज्याला स्वतःचं पाणी मिळालं तो पंचायतीच्या बैठकीला यायचा बंद झाला. तिकडच्या पाटांचं काय झालं? अजून वाहतात?

रोनकाठची

किती नेमकं जुळतं हे! इथेही तसंच झालं. साव्हिएझचा तोरां-नफ नावाचा कड्यावरचा प्रसिद्ध बिस १९३० च्या दशकात सोडून दिला, कारण डोंगरातून बोगदा काढून पाणी आणलं. आता तिथे डागडुजी करून झुलत्या पुलांची पायवाट केली आहे. पण बरेच बिस अजून खरोखर वाहतात, आणि राखणदार अजून नेमला जातो. क्लाव्होचा बिस सिओंवरच्या बागांना आजही पाणी देतो, फक्त आता त्यातून पुढे तुषार किंवा ठिबकच्या नळ्या जातात. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: सगळे बिस द्राक्षांसाठी नव्हते. बहुतेक गवताच्या कुरणांसाठी होते, गुरांसाठी. बागा त्यातल्या खालच्या पाटांवर.

२०२३ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या पारंपरिक पाटपाण्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात स्वित्झर्लंड आहे. दगडी ताली बांधण्याची कला त्याआधीच, २०१८ मध्ये. फडावर कुणी असं काम करतंय का? तुम्ही वेगळा धागा काढाच.

अनघा बर्नवाली

स्विस शंभर फ्रँकची नवी नोट बघितली का कुणी? २०१९ ची. तिच्यावर आयाँचा बिस आहे, कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळीसकट.

आम्ही गेल्या वर्षी ग्रिमाँत्सला गेलो होतो, आनिव्हिए खोऱ्यात, दीड हजार मीटरवर. तिथल्या गावकीच्या जुन्या घराच्या तळघरात हिमनदीची वाइन म्हणून एक प्रकार आहे. लार्च लाकडाची काळी पडलेली पिंपं. त्यातून थोडी काढतात आणि जागा भरायला नवी घालतात. पिंप कधी रिकामं करत नाहीत. सगळ्यात जुनं बिशपचं पिंप म्हणतात, १८८६ चं. आम्हाला चमचाभर म्हणावी इतकी मिळाली: अक्रोड, राळ, जुनं कपाट, आणि मग बराच वेळ आंबटपणा. विकत मिळत नाही, तिथेच उभं राहून प्यायची. ही उंचावर का ठेवतात? द्राक्ष तर तिथे पिकत नाही.

रोनकाठची

अनघा, या प्रश्नाच्या उत्तरात आख्खं खोरं आहे.

आनिव्हिएचे लोक वर राहायचे, गुरं वर, पण त्यांच्या बागा खाली सिएरला. वर्षभर वरखाली चालायचं: उन्हाळ्यात सगळ्यात उंच कुरणांवर, मग मधल्या वस्तीत, मग गावात, आणि बागेच्या कामाला खाली. गावच्या गाव उतरायचं, पाद्री आणि शाळामास्तरसुद्धा. सिएरच्या काही वस्त्या मुळात याच लोकांच्या. वाइन खाली करून पिंपातून वर न्यायची, थंड तळघरात ती टिकायची. मूळ द्राक्ष रेझ नावाचं, फार आम्लाचं, म्हणून ती इतकी वर्षं उभी राहू शकली. रेझ आणि उमान्य या दोन जातींचा उल्लेख १३१३ च्या आनिव्हिएच्या कागदपत्रांत आहे. आज रेझ अगदी थोडी उरली आहे.

वसंतात गावकीच्या बागेतलं काम अजूनही बासरी आणि ढोल वाजवत करतात. कुदळ मारणारी रांग आणि मागे वाजवणारे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं पर्यटकांसाठी असेल. पण बघायला आलेले आम्ही मोजके, आणि काम खरं चाललेलं. दुपारी सगळे एकत्र जेवले, राय धान्याची काळी पाव, वाळवलेलं मांस, चीज आणि गावकीचीच वाइन.

स्पष्टवक्ता

लेख छान, पण मला टेरुआर, म्हणजे जागेची माती-हवा चवीत उतरते, हा शब्द आला की शंका येते. चार दगड आणि एक आजोबा दाखवायचे, बाटलीची किंमत तिप्पट करायची. हे मार्केटिंगच नाही का?

रोनकाठची

शंका रास्त आहे, आणि काही ठिकाणी ती खरीही असेल. पण इथे विकणार कुणाला? स्विस वाइनमधली जेमतेम एक-दोन टक्के देशाबाहेर जाते. बाकी इथलेच लोक पितात, आणि त्यांना कुठला उतार कसला हे घरून माहीत असतं. व्हेत्रोझच्या आमीन्यचं उदाहरण घ्या. ही द्राक्षाची जात मुख्यतः त्या एका गावातली. तिथल्या उत्पादकांनी बाटलीवर मधमाश्या छापायला सुरुवात केली: एक माशी म्हणजे लिटरला ८ ग्रॅमपर्यंत साखर, दोन म्हणजे २५ पर्यंत, तीन म्हणजे त्याहून गोड. गिऱ्हाइकाला फसवायचं असतं तर हे कशाला केलं असतं?

आणि ‘आमची मूळची’ या अभिमानालाही इथल्याच संशोधनाने धक्का दिलाय. होसे व्हुइआमो हे व्हालेचेच वनस्पतीशास्त्रज्ञ, द्राक्षांच्या डीएनएवर काम करणारे. त्यातून कळलं की इथली मानाची लाल कोर्नालाँ ही पलीकडच्या आओस्ता खोऱ्यातल्या दोन जातींची लेक आहे. म्हणजे घाट ओलांडून इटलीतून आली. फिस्पच्या वर ११५० मीटरपर्यंत चढणारी फिस्परटर्मिनेनची बाग युरोपातल्या सगळ्यात उंच बागांत गणतात. तिथली हायडा ही जात म्हणजे फ्रान्सच्या ज्युरामधली सावान्याँच. माझ्या लेखी त्याने काही कमी होत नाही. ज्याने ती इथे आणून, ताल बांधून, पाटाचं पाणी पाजून शेकडो वर्षं टिकवली, त्याचीच ती.

स्पष्टवक्ता

मधमाश्यांचा मुद्दा पटला. कोर्नालाँचाही.

खाबूगिरीकर

दलाई लामांची बाग तिथेच आहे ना कुठेतरी?

रोनकाठची

हो, सायों गावात. तीन वेली, बस्स. जगातली सगळ्यात छोटी नोंदणीकृत बाग म्हणतात. फारिने नावाच्या १९ व्या शतकातल्या खोटी नाणी पाडणाऱ्या लोकप्रिय बंडखोराच्या नावाने आहे, १९९९ पासून दलाई लामांच्या मालकीची. त्यांची वाइन दुसऱ्या चांगल्या वाइनमध्ये मिसळून विकतात आणि पैसा मदतकार्याला जातो.

निफाडचा बागायतदार

सगळं वाचलं, दोनदा. एक विचारतो, कारण आमच्याकडे हाच प्रश्न आहे: हे पुढे करणार कोण? आमच्या गटात माझ्यानंतर बाग बघणारं पोरगं एकाच घरात आहे. गारपीट झाली की तेही डगमगतं.

रोनकाठची

दादा, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण मलाच त्याचा त्रास होतो.

इथे वाटण्या होत होत एकेका घराकडे चार-पाच तुकडे उरले, एक या तालीवर, दुसरा त्या टोकाला. बहुतेकांची नोकरी वेगळी, बाग शनिवार-रविवारी. शेजारचे आजोबा गेल्या हिवाळ्यापर्यंत स्वतः ताल दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून शिकले की ताल कोसळण्याआधी तिला पोट सुटतं. पोट दिसलं की तेवढा भाग उतरवायचा, दगड लांबीने आत घालायचा, मागे बारीक खडी ठासायची, भिंत डोंगराकडे किंचित कललेली ठेवायची. दिवसभरात दोन माणसांचं काम हातभर लांब होतं. गवंडी लावला तर छोट्या तुकड्याचं कित्येक वर्षांचं उत्पन्न एका भिंतीत जातं. कॅन्टनचं, म्हणजे प्रांत सरकारचं, अनुदान मिळतं, पण कागद करायला आणि उरलेला खर्च सोसायला माणूस हवा. यंदा आजोबांचे गुडघे गेले, मुलगा झ्युरिकला. वरच्या दोन ताली तशाच आहेत, काटेरी झुडपं आलीत.

त्यात हवामान. कळ्या आता आधी फुटतात आणि एप्रिलचं हिम तिथेच असतं. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलात लोकांनी रात्रभर बागेत मेणाची भांडी पेटवून ठेवली, तुषार चालवून कळ्यांवर बर्फाचं कवच केलं, तरी बरंच गेलं. हिमनद्या मागे हटतायत, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या पाटांना उद्या ऑगस्टमध्ये पाणी किती असेल याची चर्चा भागीदारांच्या सभेत उघड होते.

पण पोरं येतात, हेही खरं. मारी-तेरेझ शापाझ यांनी फुईत रसायनं सोडून बायोडायनॅमिक पद्धतीने उतारावरच्या बागा करून दाखवल्या आणि त्यांच्या मागोमाग बऱ्याच तरुण मुली या धंद्यात उतरल्या. सोडून दिलेल्या ताली अशी मुलं खंडाने घेतात. आजोबांच्या तुकड्यासाठीही एकीने विचारलंय. तिला मी भिंतीच्या कामाला हात लावेन असं सांगितलंय.

मृदगंध

त्या भिंतीमागची माती उतरवाल तेव्हा थरांचे फोटो टाका. प्लीज.

निफाडचा बागायतदार

ताई, पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा अभ्यासदौऱ्यावर युरोपात आहे. त्याला काय दाखवाल?

रोनकाठची

पाठवाच. ऑगस्टमध्ये घडांना रंग चढत असतो, त्याला बघायला नेमकी वेळ. सिएर ते साल्गेश बागांमधून पायवाट आहे, दोन्ही टोकांना द्राक्ष-वाइनचं संग्रहालय. मग क्लाव्होच्या पाटाने सिओंकडे. पाण्याची बाटली, टोपी आणि घसरणार नाहीत असे बूट लागतील. येण्याआधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, पाटाच्या राखणदाराला आधी कळवलं तर तो पाणी सोडण्याची फळी स्वतः उघडून दाखवतो.